शटर उघडं असेपर्यंत

पटलं तर वाचा, नाही पटलं तर पान उलटा. मी कोणाला शपथा घालायला बसलेलो नाही.

पण यातलं एकही मिनिट मी पदरचं घातलेलं नाही. ती सगळी मिनिटं आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझ्या बायकोच्या अक्षरात आहेत. आजही आहेत.

गुरुवार होता. दुपारचे तीन वाजून दोन मिनिटं झाली होती.

हो, दुपार. भुताला रात्रच लागते ही समजूत ज्यांची असेल, त्यांनी ती चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावी.

साडू हे नातं माणूस निवडत नाही. बायकोसोबत ते गळ्यात येतं. माझ्या बायकोची थोरली बहीण म्हणजे ताई, आणि ताईचा नवरा म्हणजे भिंगराव. हे नाव मीच ठेवलेलं. त्याच्या तोंडावर ते कोणी घेतलं नाही आणि पाठीमागे कोणी दुसरं वापरलं नाही.

भिंगराव फोटो काढायचा. माणसांचे नाही. माणसांचा त्याला वीट होता. बंद पडलेल्या गिरण्या, तळघरं, रिकामी गोदामं... जिथे उजेडाची तिरीपही नाही अशा जागा. आपण बटण दाबलं की शटर डोळ्याचं पातं लवतं तितकं उघडतं. भिंगराव ते सात-सात मिनिटं उघडं ठेवायचा. कॅमेरा तिवईवर, मागे घडीच्या स्टुलावर स्वतः, हातात शटरची वायर आणि गालात पेपरमिंट.

मग त्या अंधारात उजेड कुठून यायचा?

ताईकडून.

ताई काळे कपडे घालायची. पायात काळे मोजे, डोक्यावर काळं फडकं. हातात टॉर्च, त्याच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी. शटर उघडलं की ती अंधारात शिरायची आणि भिंतीला रंग द्यावा तसा एकेका खांबाला उजेड द्यायची. मनगट वर, मनगट खाली. आठ आकडे मोजायचे, पुढच्या खांबाकडे जायचं. फोटोत सगळे खांब उजळलेले दिसायचे. ताई दिसायची नाही. जो हलत राहतो तो इतका वेळ चाललेल्या फोटोत उमटतच नाही. जो थांबतो तोच उमटतो.

म्हणून ती जरा रेंगाळली की स्टुलावरून आवाज यायचा, "हल!"

बावीस वर्षं.

पाहुण्यांसमोर तो हात हवेत फिरवून सांगायचा, "हलतं ते क्षुद्र. स्थिर तेच टिकतं." स्वतः मात्र स्टुलावर असा स्थिर, की बावीस वर्षांत पोट सोडलं तर त्याचं काही पुढे सरकलं नाही.

मला सवय आहे, मी असल्या गोष्टी मोजून ठेवतो. सुमारे दीड हजार फोटो. प्रत्येकाची सात मिनिटं. म्हणजे ताईच्या आयुष्यातले सात दिवस आणि सात रात्री त्या फोटोंमध्ये आहेत आणि एकाही फोटोत ताई नाही. खाली नाव एकाचंच.

मागच्या वर्षी त्याचं मोठं प्रदर्शन झालं. एका म्हाताऱ्या बाईंनी साधा प्रश्न विचारला, "हा उजेड कोणी दिला हो?"

ताई शेजारी उभी होती. पाण्याचे ग्लास घेऊन.

भिंगराव म्हणाला, "उजेड? तो येतो आपोआप. बघणारी नजर लागते."

ताईने ट्रे टेबलावर ठेवला. पर्समधला टॉर्च काढून ट्रेमध्ये ठेवला. आणि जी निघाली ती थेट आमच्या दारात. बॅगसुद्धा नाही.

"धाकटे, वरची खोली रिकामी आहे ना?"

माझ्या बायकोला ती धाकटीच म्हणते. बायको म्हणाली, "तुझीच आहे. मी वाटच बघत होते, बावीस वर्षं."

महिन्याभरात ताईला पुस्तकं बांधायच्या कारखान्यात काम मिळालं. कागद कापायच्या यंत्रावर. गठ्ठा सरकवायचा, हात मागे घ्यायचा, पातं खाली. हाताला शिस्त होती, ती तिथे कामाला आली. तिथले बाइंडर मास्तर कोणाचं कौतुक करणाऱ्यांतले नव्हते. तेही म्हणाले, "बाईंचा हात घड्याळासारखा आहे."

ताई हसायला लागली होती. मला तर वाटलं, सुटली.

मग एका मंगळवारी दुपारी धाकटीने तिला दूध बघायला सांगितलं.

दूध उतू गेलं. वास आला म्हणून धाकटी आत धावली. ताई गॅससमोर उभी होती. डोळे उघडे... पण बघत कुठेच नव्हते.

"ताई?"



उजवा हात मात्र हलत होता. मनगट वर... मनगट खाली...

आणि ओठ. धाकटी अगदी जवळ गेली तेव्हा ऐकू आलं.

"...पाच... सहा... सात... आठ."

मग ताईने एक पाऊल बाजूला टाकलं आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

पाच मिनिटं. मग पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि ताई म्हणाली, "अगं, दूध गेलं की! हाक नाही का मारायची?"

तिला काहीच आठवत नव्हतं. तिचा हात धाकटीने हातात घेतला. गॅसच्या ज्योतीजवळ असलेला हात... बर्फासारखा गार.

डॉक्टर झाले. तपासण्या झाल्या. "थकवा आहे," असं निदान निघालं, जे माझ्या शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही करता आलं असतं.

धाकटी भोळी नाही. तिने कॅलेंडर उतरवलं आणि प्रत्येक वेळी चौकोनात लिहायला लागली. वार, वेळ, मिनिटं. मंगळवार, पाच मिनिटं. रविवार, सहा. बुधवारी नऊ. बुधवारी ताईचे ओठ निळे पडले होते आणि नाडी सापडायला वेळ लागला होता. एकदा तीन मिनिटांतच, आकडा अर्धवट असताना तुटलं. ते सगळ्यात वाईट. त्यानंतर दोन दिवस ताईच्या उजव्या हाताला काही जाणवत नव्हतं. सुई टोचली तरी नाही.

आणि मग ते कारखान्यात झालं.

बाइंडर मास्तर स्वतः तिला घरी घेऊन आले. घामाने शर्ट भिजलेला.

"हात पात्याखाली होता. हलत होता. मी मागून ओढलं म्हणून..." ते पाणी प्यायले. "बाई, तुमच्या हातासारखा हात नाही. तो शाबूत राहावा म्हणून सांगतो. बऱ्या झाल्याशिवाय येऊ नका."

ताई त्या रात्री जेवली नाही. "एवढं एकच काम माझं स्वतःचं होतं," एवढंच म्हणाली.

आता भिंगरावाचा एक गुण सांगतो. एकच आहे, फार वेळ लागणार नाही.

तो फोटोखाली सगळं लिहायचा. शटर किती वाजता उघडलं, किती वाजता मिटलं, मिनिटासकट. जणू पुढच्या पिढ्या त्याची वही घेऊन संशोधनाला बसणार आहेत. ताई गेल्यावरही तो फोटो काढत होता आणि फोनवर लोकांना दाखवत होता. धाकटीने ते सहज बघितले.

मग ती उठली आणि कॅलेंडर घेऊन आली.

मंगळवार. पाच मिनिटं.

रविवार. सहा.

बुधवार. नऊ.

वेळा मिनिटाला मिनिट जुळत होत्या. तीन मिनिटांत तुटलेलीही. त्या फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "खोकल्यामुळे अर्धवट."

आणि प्रत्येक फोटोखाली एक ओळ होती... "सहाय्यकाशिवाय."

दुसऱ्याच दिवशी धाकटी त्याच्या स्टुडिओत गेली. काय बोलणं झालं ते मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता पाठ आहे.

"भाऊजी, खरं सांगा. उजेड कोण देतं?"

भिंगराव पेपरमिंट चघळत म्हणाला, "ती गेल्यावर मी स्वतः करून बघितलं. जमेना. सगळीकडे माझीच ढेरी उमटायची. एकदा वैतागून नुसतं शटर उघडलं आणि बसून राहिलो. धुऊन बघतो तर सगळे खांब उजळलेले!"

"आणि अंधारात? काही ऐकू आलं नाही?"

"पावलं वाजतात." तो सहज म्हणाला. "मोज्यातली. कोणीतरी मोजतं. डोळ्यांना उजेड दिसत नाही, फिल्मवर येतो."

बघा. भूत बघून माणूस घाबरतो. भिंगराव खूश झाला होता.

धाकटीने कॅलेंडर समोर धरलं. सगळं सांगितलं. दूध, ओठ, नाडी, पातं. "भाऊजी, ताईला सोडा."

"मी धरलंय कुठे? आपल्या पायांनी गेली."

"पाय नेले तिने. हात तुमच्याकडे राहिलाय!"

भिंगरावाने कॅलेंडर निरखून बघितलं. धाकटीला क्षणभर वाटलं, याच्या छातीत काहीतरी हललं असावं.

तो म्हणाला, "म्हणजे तीच करते तर. मग तिला सांग, बुधवारी डावीकडचा तिसरा खांब कच्चा राहिला होता."

धाकटीने आयुष्यात कोणावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी तिने तो पर्सच्या पट्ट्यात अडकवून ठेवला.

"आणि हे बघ," तो पुढे म्हणाला, "गावची जुनी पाण्याची टाकी दुरुस्तीसाठी उपसलीय. जमिनीखाली. शंभर खांब! गुरुवारी सव्वातीनला शटर उघडणार. चाळीस मिनिटं."

"चाळीस? नऊ मिनिटांत तिचे ओठ निळे पडले! मरेल ती!"

"बावीस वर्षांत मेली नाही." तो उठून दिवे बंद करायला लागला. "हलत राहायला सांग. हलणाऱ्याला काही होत नाही."

गुरुवारी आम्ही ठरवलं ते असं. मी ताईजवळ बसायचं. धाकटीने टाकीवर जायचं आणि शटर उघडूच द्यायचं नाही. वायर तोड, कॅमेरा फोड, काय वाटेल ते कर. पण एकदा उघडलं तर मात्र मध्येच बंद होऊ द्यायचं नाही. तीन मिनिटांत तुटलं तेव्हा हात गेला होता. चाळिसात तुटलं तर काय काय तिथेच राहील, कोण सांगणार?

धाकटी तीन वाजता टाकीपाशी पोचली. पंधरा मिनिटं हातात होती.

लोखंडी शिडी. खाली ओल. प्रत्येक पायरीबरोबर वरचा उजेड लहान होत गेला. तिने फोन काढला, पण खाली रेंज नव्हती. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि...

"हल!"



उघडलं होतं. सव्वातीन म्हणून सांगितलं होतं, पण अंधार तयार आहे म्हटल्यावर हा दिलेली वेळ पाळणार होता थोडाच!

ती चाचपडत आवाजाच्या दिशेने गेली. पेपरमिंट दातांवर आपटल्याचा टक्कन आवाज. आणि त्याच्या पलीकडे, दूर... ओल्या फरशीवर मोज्यातली पावलं.

"एक... दोन... तीन..."

ताईचा आवाज होता.

तिकडे आमच्या घरी, तीन वाजून दोन मिनिटांनी, माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या ताईचा हात उचलला गेला होता. मनगट वर... मनगट खाली... मी घड्याळ बघत होतो. दुसऱ्या हाताने तिची नाडी धरली होती. पाचव्या मिनिटाला हात गार. सातव्याला ओठ निळे. आठव्याला दोन ठोक्यांमधलं अंतर इतकं वाढलं, की प्रत्येक वेळी मला वाटायचं, संपलं.

टाकीत धाकटी ओरडली, "ताई! थांब!"

शंभर खांबांतून तो आवाज परत आला. थांब... थांब... थांब...

भिंगराव खिदळला. "थांबली तर फोटोत दिसेल ना! दिसायची छाती नाही तिची."

"ताई, नको हलूस. याचं ऐकू नकोस. थांब तू!"

"...सहा... सात..."

आठ आला नाही.

पावलं थांबली.

टाकीत फक्त पाण्याचा एक थेंब पडत होता. तोही थांबला.

"हल," भिंगराव म्हणाला.

काही नाही.

"हल म्हणतो ना!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज चिरकला. पेपरमिंट तोंडातून पडल्याचं धाकटीने ऐकलं.

"ती... ती समोर उभी आहे," तो कुजबुजला. "मला दिसत नाहीये. पण आहे. माझ्याकडे बघतेय. मी बंद करतो, बंद करतो हे..."

धाकटीने अंधारात झेप घेतली आणि त्याचं वायर धरलेलं मनगट पकडलं.

"चाळीस म्हणाला होतात ना? बसा."

"सोड! तुला कळत नाहीये..."

"बसा, भाऊजी. हलायचं नाही."

आणि तो बसला! असली माणसं अशीच असतात. कोणी आवाज चढवीपर्यंतच ती मोठी. पूर्ण वेळ धाकटीने ते घामेजलेलं मनगट सोडलं नाही. समोर काय होतं ते तिलाही दिसलं नाही. पण श्वास तीन माणसांचे असायला हवे होते असं तिला वाटत राहिलं... आणि ऐकू येत होते दोघांचेच.

तीन बेचाळीसला शटर मिटलं. ती शिडीकडे धावली, वर आली, मला फोन लावला.

"ताई कशी आहे? आहे ना?"

मी म्हणालो, "आहे. स्वयंपाकघरात आहे."

"आत्ता उठली?"

"नाही गं," मी म्हणालो. "केव्हाच."

हे मी घड्याळ समोर ठेवून सांगतो. तीन वाजून अकरा मिनिटांनी ताईचा हात हवेतच थांबला. "सात" म्हणून ओठ थांबले. मग हात अलगद मांडीवर आला, गालांवर रंग आला, आणि ताई माझ्याकडे बघून म्हणाली, "असे काय बघताय? चहा ठेवते."

ती उठली. चहा ठेवला, भांडी घासली, फडकी पिळली. गुणगुणत होती. तीन बेचाळीसपर्यंत ती माझ्या डोळ्यांसमोर घरभर फिरत होती.

मग एकतीस मिनिटं टाकीत कोण उभं होतं?

चार दिवसांनी कुरिअरने एक जाड पाकीट आलं. आत फोटो. डाव्या बाजूचे मोजके खांब उजळलेले. बाकी सगळा अंधार. आणि मधोमध काळ्या कपड्यांत एक बाई उभी. डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलेलं. सरळ आपल्याकडे बघतेय. पापणीचा केसन् केस स्वच्छ. इतका वेळ इतकं स्पष्ट उमटायचं तर माणसाला श्वासही घेता येणार नाही.

चेहरा ताईचा. शांत. असा शांत चेहरा मी ताईचा कधी बघितला नव्हता... पुढेही बघितला नाही.

सोबत चिठ्ठी होती. सहाय्यकाशिवाय फोटो काढणाऱ्या त्या थोर माणसाच्या अक्षरात.

"हिला घेऊन जा."

त्याने पुन्हा कॅमेरा लावला नाही. मी ऐकतो, की आता रात्रंदिवस घरातले सगळे दिवे चालू ठेवतो. लावो. फोटो आम्ही ताईला दाखवला नाही. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. जाळायचा विषय निघतो, पण काडी ओढायला दोघांपैकी कोणी तयार नाही. काय जळेल, माहीत नाही.

ताईला त्यानंतर एकदाही तसं झालं नाही. हात गरम असतो. महिन्याभराने ती कारखान्यात परत गेली, पूर्वीपेक्षा दुप्पट काम करते. बाइंडर मास्तर खूश, ताई खूश.

फक्त ती बसत नाही.

जेवताना पाय हलतो. बोलताना बोटं हलतात. धाकटी तिच्या शेजारी झोपून आली. म्हणाली, झोपेतही टाचा गादीवर घासत असतात, रात्रभर. चालल्यासारख्या.

गेल्या महिन्यात कारखान्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सगळ्यांचा एकत्र फोटो होता. भर सकाळी, उघड्या अंगणात, चांगल्या उन्हात. धाकटी डबा द्यायला गेली होती म्हणून तिने बघितलं. सतरा माणसं. पहिल्या फोटोत सोळा जणांच्या शर्टाची बटणं मोजता येत होती, आणि ताईच्या जागी नुसता धुरकट पट्टा.

फोटोवाला म्हणाला, "बाई हलल्या."

दुसरा काढला. तिसरा काढला. तेच.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "बाई, एकच क्षण! श्वाससुद्धा रोखून धरा. अजिबात हलू नका."

ताईने हसून मान डोलावली. खांदे सरळ केले. श्वास घेतला आणि धरला. बोटं थांबली. पाय थांबला.

आणि धाकटीला तिच्या अंगातून... मागच्या भिंतीची वीट दिसली.

धाकटीने डबा टाकला, धावत जाऊन ताईला दंडाला धरून ओळीतून ओढून काढलं. दंड बर्फासारखा गार होता.

"काय गं हे, धाकटे! सगळ्यांचा फोटो बिघडवलास," ताई म्हणाली. तिची बोटं पुन्हा हलायला लागली होती.

तो तिसराच फोटो कारखान्याच्या भिंतीवर लागलाय. सोळा माणसं आणि एक धुरकट पट्टा. ताई त्याला बघून खूप हसते.

आमच्याकडे पाहुणे येतात, ताईला सारखी उठताना-फिरताना बघतात आणि म्हणतात, "अहो, जरा बसा ना आता."

मी आणि धाकटी दोघंही एकदम ओरडतो, "नको!"

पाहुणे दचकतात. ताई हसते. आणि आमच्या माळ्यावर, कापडाच्या आत, कोणीतरी अजिबात न हलता उभं आहे.